लुळेपणाचे कारण दर वेळी ऊन नसते

ऊसतोड मजुराचे हातपाय अचानक लुळे पडले की ऊन बाधले समजून ग्लुकोजचे सलाईन लावावे, हे आपल्या अंकातील पत्राचे मत धोक्याचे आहे. रक्तात पोटॅशियम लिटरमागे ३.५ ते ५ मिलीमोल लागते. मूत्रपिंडाच्या नलिकांना आम्ल बाहेर टाकता आले नाही तर ते रक्तात साठते, पोटॅशियम मात्र लघवीवाटे जाते; स्नायू लुळे पडतात, मुतखडेही होतात. रक्तात आम्ल वाढूनही लघवीचा सामू ५.५ च्या वर राहतो. ग्लुकोजने वाढलेले इन्शुलिन उरलेले पोटॅशियम पेशींत ओढते. आम्ल उतरवण्यासाठी दिलेल्या सोडियम बायकार्बोनेटनेही रक्तातील पोटॅशियम घटते. म्हणून आधी पोटॅशियम, नंतर बायकार्बोनेट. बीड जिल्ह्यातील अशा रुग्णाला अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी तातडीने न्यावे आणि रक्त, लघवी व ईसीजी तपासावा.