खिशांतलें ओझें

आमच्या दादांनीं परदेशांतून परततांना आम्हांसाठीं एक बहुउपयोगी हत्यार आणिलें. तें कित्येक वर्षें आमच्या सदऱ्याच्या खिशांत आहे. अथवा आमचा सदराच त्याला लोंबकळत आहे, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. लेदरमन कंपनीच्या या ‘वेव्ह’चें वजन सुमारें २४० ग्रॅम. पक्कड, चाकू, करवत, कानस, कात्री, सर्व कांहीं त्यांत आहे. परंतु एक महिना आम्ही टिपण ठेविलें, तेव्हां चाकू रोज, स्क्रूड्रायव्हर आठवड्यांतून दोनदां व पक्कड अवघी एकदां उपयोगांत आल्याचें दिसलें. तीही वहिनींनीं कुकरची तापलेली शिटी उचलावयास मागितली म्हणून. तेव्हां पक्कड काढून टाकावी, असें आमच्या मनानें घेतलें.

यांत एक गंमत आहे. १९७५ सालीं टिम लेदरमन हे पत्नीसह एका जुन्या फियाट गाडींतून युरोपभर हिंडत होते. गाडी वारंवार बिघडे, खिशांत चाकू होता, पण पक्कड नव्हती. त्या उणीवेंतून या हत्याराची कल्पना निघाली, व १९८३ सालीं तें बाजारांत आलें. म्हणजे ज्या पक्कडीसाठीं याचा जन्म, तिलाच आम्ही निरोप देण्यास निघालों होतों! अर्थात् आमची कल्पना अगदींच वेडगळ नसावी. २०१९ सालीं त्याच कंपनीनें ‘टी-टू’ व ‘टी-फोर’ हीं बिनपक्कडीचीं हत्यारें काढलीं. ज्यांस खोलाखोल नको, त्यांनीं तींच घ्यावींत हें बरें.

पक्कड दोन्ही मुठींच्या एका टोकास खिळलेली असते व पातीं दुसऱ्या टोकास. स्क्रूंच्या माथ्यावर चांदणीसारखी खांच असते; तिला तंतोतंत बसणारेंच टोंक पाहिजे, नाहीं तर खांच झिजून स्क्रू जन्माचा अडकतो. परातींत पांढरें फडकें पसरून त्यावर काम करावें, कारण आंतील पातळ वॉशर उडाल्यावर सांपडत नाहींत. प्रत्येक पायरीस फोनवर छायाचित्र घ्यावें. पक्कड निघाल्यावर हत्याराचे दोन स्वतंत्र अर्धे होतात. त्यांतील चाकू असलेला अर्धा आम्ही ठेविला.

आणि येथेंच आमची चूक झाली. पक्कडीच्या जाडीची जी जागा रिकामी होते, ती भरून काढावी लागते. आम्ही घाईनें नुसताच स्क्रू आवळला. मुठीच्या बाजू आंत दबल्या, व पातें उघडें धरणारी पट्टी त्याच्यामागें पुरती येईना. हें न तपासतां पार्सलाची दोरी कापावयास घेतली आणि पातें मिटून आमच्या तर्जनीवर आलें. दोन टांके पडले. आईनें त्या दिवशीं आमच्याशीं अबोला धरला, तें दुःख टांक्यांहून अधिक.

मग हत्यारांच्या दुकानांतून पितळी नळी आणून नेमक्या जाडीचा तुकडा कापला, तो मधें बसविला व दबलेल्या बाजू सरळ केल्या. पातें उघडून त्याची पाठ लांकडावर पुनःपुन्हां ठोकून पाहिली. तें मिटलें नाहीं, तेव्हांच खिशांत ठेविलें. वजन शंभर ग्रॅमच्या आंत आलें. मूळ भागांस मात्र कानस लाविली नाहीं. कंपनीची २५ वर्षांची हमी अशा फेरबदलानंतर चालत नाहीं हें खरें, पण पुनः जोडतां यावें म्हणून सर्व कांहीं डबींत जपून ठेविलें.

दिवाळीस दादा आले. त्यांनीं तो अर्धा तळहातावर तोलून पाहिला व विचारलें, “पक्कड कोठें आहे?” आम्ही मुकाट्यानें डबी पुढें केली. त्यांनीं आमच्या बोटाकडे पाहिलें, कांहीं बोलले नाहींत, डबींतला दुसरा अर्धा उचलून आपल्या खिशांत टाकला आणि म्हणाले, “याला लागेल तेवढी नळी उरली आहे ना?”

वहिनींसाठीं आम्ही साधी पक्कड विकत आणिली आहे.