वाढीचा आणि धुराचा हिशेब

अर्थव्यवस्था वाढली की धूर वाढणारच, असे आपण जणू मान्यच करून टाकले आहे. म्हणून एक गट म्हणतो, आधी विकास होऊ द्या, पर्यावरणाचे नंतर बघू. दुसरा म्हणतो, विकासच थांबवा. पण कार्बन मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने हवेत जातो, ही साधी गोष्ट दोघांच्याही वादात हरवते.

जपानी अभ्यासक योइची काया यांनी हा संबंध एका गुणाकारात मांडला. देशाचे उत्सर्जन चार गोष्टींवर ठरते: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, तेवढ्या उत्पन्नासाठी लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेतला कार्बन. ज्या देशात कोट्यवधी लोक अजून गरीब आहेत, तिथे उत्पन्न घटवा असे म्हणणे अन्यायाचे आहे. उरतात शेवटच्या दोन गोष्टी: ऊर्जेची काटकसर आणि स्वच्छ ऊर्जा.

हे घडू शकते. १९९० नंतर ब्रिटनची अर्थव्यवस्था भरपूर वाढली, पण देशातले उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आले. कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र तिथे ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. अर्थात, आयात मालाचा धूर दुसऱ्याच देशाच्या खात्यावर चढतो. तो मोजला तर ही घट लहान होते, पण पुसली जात नाही.

आपल्याकडे काय? सरकारी आकडेवारीनुसार २००५ ते २०२० या काळात सकल उत्पादनामागचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. २०३० पर्यंत ते ४५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे. ही मोठी कामगिरी आहे, पण आकडा नीट वाचायला हवा. दर रुपयामागचा धूर घटला. रुपये त्याहून वेगाने वाढल्याने एकूण धूर वाढला. तसेच २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली, तरी प्रत्यक्षात तयार होणारी बहुतांश वीज कोळशाचीच आहे. सूर्य मावळल्यावर वीज साठवायची कुठे, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो; अमेरिकेत तो याच्या जवळपास सातपट. त्यामुळे अधिक ऊर्जा वापरण्याचा आपला हक्क खराच आहे. मात्र सरासरीत मुंबईचा वातानुकूलित टॉवर आणि त्याच्या सावलीतली झोपडी एकाच रांगेत बसतात. झोपडीचा हक्क पुढे करून टॉवरची उधळपट्टी झाकली जाऊ नये.

मालेगाव आणि भिवंडीचा यंत्रमाग विजेवर चालतो. त्या विजेसाठी कोळसा जळतो आणि राख चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रांच्या आसपासची वस्ती सोसते. स्वस्त वीज हवी आणि राखही नको, या दोन्ही मागण्या एकत्र करता येतात. छोट्या यंत्रमागधारकाला कमी वीज खाणाऱ्या मोटारीसाठी आणि छतावरच्या सौर पॅनलसाठी परवडणारे कर्ज मिळाले, तर त्याचे बिलही उतरेल आणि धूरही.

तरुण मित्रांनो, विकासाचे आकडे समोर येतील तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी दोन प्रश्न विचारा: एकूण उत्सर्जन कधीपासून घटणार? आणि स्वच्छ वीज आधी कोणाच्या घरी, कोणाच्या कारखान्यात पोहोचणार? हे प्रश्न आपल्या नगरसेवकाला, आमदाराला आणि खासदाराला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.