एक दिवस, एक गाव
सदर : उंबरठ्याबाहेर

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घड्याळं तासभर मागं न्यायची वेळ आलेली असेल. लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो, आणि मग आपण सगळे 'आता उन्हाळ्यात बघू' म्हणून मोकळे होतो. या वर्षी मला त्या 'बघू'बद्दलच थोडं बोलायचं आहे.

एक साधा हिशोब करा. भारतातून आईवडील येतात ते बहुधा सहा महिन्यांच्या व्हिसावर. सहा महिन्यांचे शनिवार-रविवार मोजले तर झाले बावन्न दिवस. त्यातून पाऊस, आठवड्याची खरेदी, मुलांचे पोहण्याचे क्लास, कुणाचा वाढदिवस आणि आपल्या मंडळाचे कार्यक्रम वजा करा. हाती उरतात दहा-बारा दिवस. त्यातलेही निम्मे 'आज जरा दमलोय'मध्ये जातात. निघताना विमानतळावर आपण म्हणतो, 'पुढच्या वेळी नक्की नेऊ.' पंचाहत्तरीच्या माणसाची पुढची वेळ कोण सांगू शकतो? गुडघे, विम्याचा हप्ता, चौदा-पंधरा तासांचा प्रवास, यातलं काहीही मध्ये येऊ शकतं.

शिवाय जे नेतात ते एका दिवसात तीन गावं उरकायला निघतात. पहाटे गाडी काढायची, स्टोनहेंज, बाथ आणि येता येता ऑक्सफर्ड. मुलं मागच्या सीटवर झोपतात आणि आजी कार पार्कमधूनच देवळासारखं काहीतरी पाहून हात जोडते. म्हणून माझा पहिला नियम : एक दिवस, एक गाव, आणि त्या गावात बघायची मुख्य गोष्टही एकच. बाकी मिळेल तो वरचा नफा.

दुसरा नियम असा, की गाव निवडण्याआधी आपल्यात सगळ्यांत हळू कोण चालतं ते ठरवा आणि बेत त्या पायांच्या मापाने आखा. स्टेशनपासून किती चालायचं, चढ आहे का, बाक कुठे आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे, याची उत्तरं आदल्या रात्रीच काढून ठेवा. पॅडिंग्टन, किंग्ज क्रॉस, व्हिक्टोरिया, वॉटर्लू या मोठ्या स्टेशनांवरची स्वच्छतागृहं 2019 पासून फुकट आहेत, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. ज्यांना पायऱ्या किंवा डब्यात चढणं जमत नाही, त्यांच्यासाठी रेल्वेची 'पॅसेंजर असिस्ट' ही मोफत सेवा आहे. निघण्याच्या दोन तास आधीपर्यंत कळवलं तरी चालतं. संकोच करू नका, ती सोय आपल्यासाठीच आहे.

तिसरा नियम म्हणजे गाडीचा वेळ घराच्या दारापासून मोजायचा. किंग्ज क्रॉसहून केंब्रिज पन्नास मिनिटांवर आहे हे खरं, पण हाउन्स्लोहून किंग्ज क्रॉसच गाठायला तास लागतो. पश्चिम लंडनमधल्या मंडळींसाठी यावर चांगला तोडगा आहे. साउथॉल, हेज, ईलिंगहून एलिझाबेथ लाइनने थेट फॅरिंग्डन गाठा. तिथे लिफ्ट आहेत, आणि तिथूनच थेम्सलिंकच्या गाड्या एका दिशेला सेंट ऑल्बन्स किंवा केंब्रिजला आणि दुसऱ्या दिशेला ब्रायटनला जातात. मोठ्या स्टेशनातली धावपळ वाचते.

आता गावं. यादी मोठी होईल, पण मी चारच सांगतो.

पहिलं विंडसर, कारण ते सगळ्यांत सोपं. एलिझाबेथ लाइनने स्लाव, तिथे गाडी बदलून सहा मिनिटांत विंडसर. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर किल्लाच. किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो, आणि रविवारी तिथलं सेंट जॉर्ज चॅपल पर्यटकांना पाहता येत नाही, तेव्हा वार बघून जा. आत जायचं नसेल तर नदीकाठची बाग आणि तिथले हंस एवढ्यावरही दिवस छान जातो. आपल्यातल्या ज्यांच्याकडे लंडनचा फ्रीडम पास आहे त्यांनी लक्षात घ्यावं, की एलिझाबेथ लाइनवर तो थेट रेडिंगपर्यंत चालतो. म्हणजे साडेनऊनंतर निघालात तर स्लावपर्यंत खर्च शून्य.

दुसरं सेंट ऑल्बन्स. सेंट पँक्रसहून वीस मिनिटं. रोमन लोकांचं व्हेरुलेमियम ते हेच. कथीड्रल, संग्रहालय आणि तळ्याकाठचं मोठं उद्यान. बुधवारी आणि शनिवारी रस्त्यावर बाजार भरतो. आपल्या आईला कथीड्रलपेक्षा तो बाजार जास्त आवडला तर तिला घाई करू नका. भाजीचा भाव विचारणं हेही प्रेक्षणीय स्थळच आहे.

तिसरं केंब्रिज. स्टेशन गावाबाहेर आहे, दोनेक किलोमीटर. चालू नका, बस घ्या. सेनेट हाउससमोर उभे राहा आणि नातवंडांना सांगा, की दापोलीजवळच्या मुर्डी गावचा एक मुलगा इथे गणित शिकायला आला आणि 1899 साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मानकरी, म्हणजे सीनियर रँग्लर ठरला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झालेले हेच आपले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. त्यांचं सेंट जॉन्स कॉलेज तिथून काही मिनिटांवर आहे. वाटेत ट्रिनिटी लागतं, रामानुजन 1914 साली आले ते तिथे. आणि समोरच्या किंग्ज कॉलेजचे जयंत नारळीकर फेलो होते. एका रस्त्यावर इतकं सांगण्यासारखं असताना होडीत बसलंच पाहिजे असं नाही. मात्र एप्रिल ते जून या परीक्षांच्या दिवसांत बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. फिट्झविल्यम संग्रहालयाला तिकीट नाही, पण ते सोमवारी बंद.

चौथं ब्रायटन. बहुतेक लोक समुद्रावर जातात, वाळू नाही म्हणून हिरमुसतात आणि परत येतात. तुम्ही आधी रॉयल पॅव्हिलियन बघा. घुमट-मिनारांचा हा राजवाडा पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होता. वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी तिथे स्वयंपाकघरंही वेगवेगळी होती. भारताने कृतज्ञतेने दिलेलं दार, 'इंडिया गेट', बागेच्या दक्षिण टोकाला आहे. ते पाहायला तिकीट लागत नाही. जे सैनिक वाचले नाहीत त्यांतल्या 53 हिंदू आणि शीख जवानांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. 1921 साली तिथे संगमरवरी 'छत्री' उभी राहिली. तिथवर गाडीरस्ता नाही, मोकळ्या माळावरून चालत जावं लागतं. तेव्हा तरुण मंडळींनी छत्रीपर्यंत जावं आणि ज्येष्ठांनी बागेतल्या बाकावर थर्मासमधला चहा घ्यावा. स्टेशनहून समुद्राकडे उतार आहे, म्हणजे परतताना चढ. येताना बस.

तिकिटांबद्दल थोडक्यात. आठवड्याच्या दिवशी सकाळची गर्दीची वेळ टाळून 'ऑफ-पीक' घ्या. 60 वर्षं पूर्ण झालेल्यांना सीनियर रेलकार्डावर एक तृतीयांश सूट मिळते. मुलं बरोबर असतील तर 'फॅमिली अँड फ्रेंड्स' रेलकार्ड काढा. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस मिळते, म्हणून गुरुवारी-शुक्रवारी एकदा वेळापत्रक तपासा. हिवाळ्यात परतीची गाडी चारच्या सुमाराची धरा. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं असलं की कॅफेतल्या थंड सँडविचवर रुसायची वेळ येत नाही.

आता दोन शब्द इथे वाढलेल्या मुलामुलींसाठी. तुमचं मराठी वाचन अडखळत असेल तर आईबाबांकडून एवढं तरी वाचून घ्या. आजी-आजोबांना 'कुठे जायचंय?' असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे : 'आमचं काय, कुठेही चालेल, तुम्हाला त्रास नको.' त्याऐवजी विचारा, 'केंब्रिजला गुरुवारी जाऊया की शनिवारी?' वाराबद्दल त्यांचं मत नक्की असतं, आणि मत दिलं की बेत त्यांचा होतो.

आणि एखादी सहल त्यांना एकट्यानेच करू द्या. ज्या माणसाने पुण्यात चाळीस वर्षं स्वतःचे व्यवहार स्वतः केले, तो इथे सहा महिने सोफ्यावर बसून तुमच्या येण्याच्या वेळा मोजतो. तो तक्रार करत नाही, कारण तो स्वतःला पाहुणा समजतो. एका कागदावर ठळक मराठी अक्षरांत लिहून द्या : कुठली गाडी, कुठे बदलायची, किती स्टेशनं, परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा, तुमचा फोन नंबर. पहिल्यांदा तुम्ही बरोबर जा, दुसऱ्यांदा फक्त स्टेशनपर्यंत सोडा, तिसऱ्यांदा दारातून हात हलवा. विंडसर यासाठी उत्तम. संध्याकाळी परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर तुम्ही ऐकायचं आणि त्यांनी सांगायचं.

आपण इथे राहणाऱ्या सत्तरीतल्यांनाही हेच लागू आहे. मोटरवेवर गाडी चालवणं सोडलं म्हणून बाहेर पडणं सोडायचं कारण नाही. दोन-तीन जोडपी मिळून निघा. तीन ते नऊ जण एकत्र असलात तर पुष्कळ मार्गांवर रेलकार्डाशिवायही गटाची सूट मिळते, आणि गप्पांना माणसंही मिळतात.

फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत कॅलेंडरवर एका तारखेभोवती गोल करा आणि खाली गावाचं नाव लिहा. कुठे गेलात, काय अडलं, बाक कुठे सापडला, ते मला मंडळात भेटाल तेव्हा जरूर सांगा. पुढच्या दिवाळीला या सदरात तुमचीच गावं घेईन.