परसातील खत

भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा यांपैकी काहीही हाती आले की ते लवकरात लवकर उंबऱ्याबाहेर घालवावे, हीच बुद्धी आपल्याला प्रथम होते; परंतु ज्या घराला चार हात का होईना परस लाभले आहे, त्याने या वस्तू बाहेर धाडणे म्हणजे आपल्याच जमिनीचा हक्काचा महसूल परभारे दुसऱ्याच्या हवाली करणे होय, असे माझे पुष्कळ वर्षांचे मत आहे.

या वस्तू स्वभावतः अमंगळ नाहीत. त्या जोपर्यंत सुट्या आणि वाऱ्यावर असतात तोपर्यंत निमूटपणे मातीत मिसळून जातात. मात्र पिशवीत कोंडून, काचा, चिंध्या आणि प्लॅस्टिक यांच्यासह शहराबाहेरच्या ढिगात त्या गाडल्या गेल्या, की प्राणवायूच्या अभावी त्यांच्यातून दुर्गंध आणि मिथेनसारखा ज्वालाग्राही वायू उत्पन्न होतो. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर ज्यांनी पाहिला, त्यांना याचा निराळा पुरावा देण्याचे प्रयोजन नाही.

यावरील उपाय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. होळकरांच्या इंदुरात १९२४ पासून १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने, यशवंत वाड यांच्या सहकार्याने, खताची जी पद्धत सिद्ध केली ती आज जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे शेणाच्या गोवऱ्या होऊन त्या चुलीत जातात आणि शेताच्या वाट्याला थोडेच शेण उरते, ही अडचण ओळखून त्यांनी काडीकचरा, गुरांखालची बिछायत, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर दोन फूट खोलीच्या खड्ड्यात रचले, ते तीनदा वरखाली केले आणि सुमारे तीन महिन्यांत अल्प शेणापासून विपुल खत निर्माण करून दाखवले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजेच ‘नाडेप काका’, यांनी भिंतींना हवेसाठी झरोके ठेवलेले विटांचे टाके योजून, ढीग वरखाली करण्याचे श्रमही वाचवले.

परसातील व्यवहाराला एवढा सरंजाम लागत नाही, पण नियम तेच आहेत. खत करणारे सूक्ष्म जीव नजरेस पडत नसले तरी त्यांच्या गरजा ठरलेल्या आहेत: नत्राच्या एका भागास कर्बाचे पंचवीस ते तीस भाग, पुरेशी हवा आणि बेताचा ओलावा. स्वयंपाकघरातील ओल्या वस्तूंत नत्र अधिक आणि वाळक्या पानांत कर्ब अधिक असल्यामुळे, ओल्याच्या एका टोपलीवर सुक्याच्या दोन-तीन टोपल्या घालाव्यात, मधूनमधून मूठभर माती किंवा जुने खत पसरावे आणि ढीग लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी तीन फुटांच्या आसपास ठेवावा. कारण याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. नीट रचलेला ढीग पंचावन्न अंशांच्या वर तापतो आणि त्या तापात तणांचे बी व बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. ढिगातील मूठभर मिश्रण घट्ट पिळले असता एखाददुसरा थेंब निघावा. धार लागली तर सुका पाला वाढवावा, काहीच निघाले नाही तर पाणी शिंपडावे. दुर्गंध आला तर हवा कोंडली आहे असे समजून ढीग ताबडतोब उलथावा. मांस, मासे आणि तेलकट अन्न यांना त्यात थारा देऊ नये, म्हणजे उंदीर-घुशींचा उपद्रव होत नाही. पावसाळ्यात वर पत्रा अथवा झापांचे छप्पर असावे. मूळ वस्तू ओळखू येईनाशी झाली, रंग काळसर झाला आणि पहिल्या पावसात भिजलेल्या जमिनीसारखा वास सुटला, म्हणजे खत तयार झाले.

युरियाच्या गोणीतून नत्र विकत मिळते. परंतु जमिनीला भुसभुशीतपणा देणारे आणि पावसाचे पाणी धरून ठेवणारे सेंद्रिय द्रव्य त्या गोणीत नसते, ते कुजलेल्या पाचोळ्यातूनच यावे लागते. म्हणून शिशिरात अंगणोअंगणी पाला गोळा करून त्याला काडी लावण्याची जी रूढी पडली आहे, ती मला फार खटकते. कारण कर्बाचा जो साठा पुढे पावसाळ्यात, सुके काही मिळत नसताना, सर्वांत अधिक लागणार असतो, तोच आपण सकाळच्या प्रहरी धूर करून उधळून टाकतो. सरकारने २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचे कर्तव्य प्रत्येक घरावर सोपवले. तथापि जमिनीचे जे आहे ते जमिनीलाच परत करण्याचे कर्तव्य कोणत्याही कायद्याहून जुने आहे. ज्यांना परस आहे त्यांनी येत्या शिशिरात पाला न जाळता गोण्यांत भरून ठेवावा आणि एका कोपऱ्यात ढिगाची तजवीज करावी, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.