शाळेच्या घंटेनंतरचे मौन

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस रोम येथे शिक्षणजगताची ज्युबिली साजरी झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध झाला होता. त्याला साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने पोप लिओ चौदावे यांनी एक प्रेषितीय पत्र काढले. संत थॉमस अक्वायनस यांच्या जोडीने संत जॉन हेन्री न्यूमन हेही शिक्षणक्षेत्राचे आश्रयदाते झाले, ही बातमी सर्वत्र पोहोचली. परंतु त्या पत्रातील एका मुद्द्याची आपल्याकडे फारशी चर्चा झालेली नाही. पोप फ्रान्सिस यांनी शिक्षणासाठी आखून दिलेल्या वाटांमध्ये पोपमहोदयांनी तीन नव्या अग्रक्रमांची भर घातली आहे. डिजिटल साधनांचा माणुसकीला धरून उपयोग आणि शस्त्रांचा त्याग करणारी शांती हे त्यांपैकी दोन. त्यांच्याही आधी त्यांनी आंतरिक जीवनाला स्थान दिले आहे. तरुणांना खोली हवी आहे आणि त्यासाठी त्यांना मौनाच्या जागा हव्या आहेत, असे ते म्हणतात.

आपल्या शाळांमध्ये अशी जागा कोठे आहे? सकाळी घंटा होते, ध्वनिक्षेपकावर प्रार्थना आणि पाठोपाठ सूचना होतात, मग एकामागून एक तासिका. मधल्या सुट्टीत स्पर्धेची तालीम, शाळा सुटल्यावर क्लास आणि रात्री पालकांच्या मोबाईलवर गृहपाठाचा निरोप. स्नेहसंमेलनाविषयी तर बोलायलाच नको. नाटुकली आणि समूहगीत यांच्या जागी डीजे आला आहे आणि पहिलीतल्या मुलीसाठी भाड्याचा पोशाख आणावा लागतो. आठ दिवस मजुरी बुडवून तो पोशाख आणणारी आई कोणाला काही बोलत नाही.

येथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या पिढीला शाळेतील जी शांतता आठवते ती बरीचशी छडीची होती. टाचणी पडली तरी आवाज ऐकू यावा अशा त्या वर्गात मुले शांत नव्हती, ती घाबरलेली होती. ती शांतता गेली हे बरेच झाले. दुःख एवढेच की तिच्या जागी दुसरी शांतता आणण्याचे काम आपण केले नाही, गोंगाट मात्र आणला.

ख्रिस्तसभेला ही दुसरी शांतता अपरिचित नाही. शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनी सतराव्या शतकात फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांसाठी विनाशुल्क शाळा काढल्या आणि लॅटिनऐवजी त्यांच्या बोलीत, म्हणजे फ्रेंचमध्ये, त्यांना वाचायला शिकविले. त्यांच्या शाळांत शिक्षकाने कमीत कमी बोलावे असा दंडक होता. लाकडाच्या एका लहानशा साधनाचा टकटक आवाज करून आणि खुणांनी ते पुष्कळ सूचना देत. परमेश्वर येथे उपस्थित आहे याची आठवण दिवसभरात मुलांना पुनःपुन्हा करून दिली जाई. १६८४ च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा या श्रीमंत घरच्या धर्मगुरूने आपली संपत्ती भुकेल्यांच्या भाकरीसाठी वाटून टाकली. मौन आणि साधेपणा त्यांच्याकडे असे एकत्र नांदत होते.

मारिया माँटेसरी याही कॅथलिक. १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्यांच्या पद्धतीत मौनाचा एक खेळ आहे. मुले निश्चल बसतात आणि दुरून हलक्या आवाजात आपले नाव कधी पुकारले जाते याची वाट पाहतात. त्यांची महागडी साधने आपल्या खेड्यांना परवडणारी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून तेच शिक्षण आदिवासी मुलांपर्यंत नेले. कोसबाड आपल्याच धर्मप्रांताच्या हद्दीत, डहाणू तालुक्यात आहे. साधेपणा म्हणजे निकृष्टपणा नव्हे याचा पुरावा शोधायला रोमला जाण्याची गरज नाही.

तरीही प्रवेशाच्या दिवसांत आपल्याही शाळांची माहितीपत्रके स्मार्ट बोर्ड आणि वातानुकूलित वर्ग यांचीच जाहिरात करतात. पालक तेच विचारतात, असे मुख्याध्यापक सांगतात आणि ते खोटे नाही. पण युनेस्कोने २०२३ च्या अहवालात तंत्रज्ञान शिक्षणाच्या गरजेपुरतेच वापरावे असा इशारा दिला आहे. मोबाईलमुळे विचलित झालेल्या विद्यार्थ्याचे लक्ष पुन्हा अभ्यासावर येण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे निरीक्षण त्यात नोंदविले आहे. तासिकाच पस्तीस-चाळीस मिनिटांची असते.

आता आपल्या अंगणातील गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळांभोवतालचे शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरविता येते आणि तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक लावून इतरांची शांतता भंग करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा दिला. ते प्रकरण चेन्नईतील एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचे होते, कॅथलिक नसले तरी ख्रिस्तीच. आपल्याकडे चर्च आणि शाळा यांच्यात अनेकदा एकच भिंत असते. नोव्हेनाच्या दिवसांत आणि फेस्ताच्या आठवड्यात भिंतीच्या या बाजूला आपण काय करतो ते सर्वांना ठाऊक आहे. मुलांना मौन शिकवायला निघालेल्या माझ्यासारख्या धर्मगुरूला प्रथम आपलाच कर्णा दिसतो.

सेमिनरीत आम्हांला रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळपर्यंत महामौन पाळावे लागे. पहिले वर्षभर मला ते शिक्षेसारखे वाटले. नंतर केव्हातरी त्या मौनात आईचे आजारपण, माझी भीती, माझा मत्सर हे सारे ऐकू येऊ लागले आणि मी प्रार्थना करायला शिकलो. शाळकरी मुलांवर एवढे लादण्याचे कारण नाही. सकाळी दहा मिनिटे पुरेत. ख्रिस्ती मुलांनी त्यात शुभवर्तमानातील एखादा प्रसंग मनात आणावा, अन्यधर्मीय मुलांनी नुसते बसावे. अभ्यासक्रम मागे पडेल असे शिक्षक म्हणतील. परंतु मुलांना गप्प करण्यात रोज किती मिनिटे जातात याचा हिशेब त्यांच्यापाशीच आहे.

येत्या जूनचे वेळापत्रक आखताना मुख्याध्यापकांनी ही दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळी भिंतीपलीकडचा कर्णा बंद राहील याची लेखी हमी पॅरिश कौन्सिलने आपल्या पुढच्या बैठकीत द्यावी. आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रकात पोशाख घरातलेच चालतील, अशी एक ओळ ठळक अक्षरांत छापावी.