केस गळतात, घाण नव्हे

वजन उतरवताना केस गळू लागले तर बाईने आनंद मानावा, अशा अर्थाचा एक लेख सध्या हातोहात फिरतो आहे. लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात असं. चरबी वितळली की तिच्यात वर्षानुवर्षं साठलेली विषद्रव्यं मोकळी होतात आणि केसांच्या वाटे बाहेर पडतात. म्हणजे केस गळणं ही शुद्धीची खूण. या काळात आहार वाढवू नये, नाहीतर शुद्धी अर्धवट राहते. डोक्यात तेल जिरवावं, बायोटिनच्या गोळ्या घ्याव्यात, धीर धरावा. आपल्या आज्या उपवासांवर उपवास करत आणि तरी त्यांच्या वेण्या गुडघ्यापर्यंत पोचत. एवढं सांगूनही जिला केसांचीच चिंता वाटते, तिला आरोग्यापेक्षा आरशाची ओढ जास्त.

हा लेख नुसता चुकीचा असता तर मी सोडून दिला असता. चुकीचं रोजच छापून येतं. पण मी आहारसल्ल्याच्या व्यवसायात आहे आणि हा लेख वाचून जेवण आणखी कमी केलेल्या बायका माझ्यासमोर येऊन बसतात. कंगव्यात गुंतलेला पुंजका कागदात बांधून आणतात आणि विचारतात, अजून किती घाण उरली असेल? त्या प्रश्नाचा मला राग येतो. त्या बायकांचा नाही, तो त्यांच्या तोंडी घालणाऱ्याचा.

विषद्रव्यांपासून सुरुवात करू. कोणती विषद्रव्यं? लेखात एकाचंही नाव नाही. केसांत पारा सापडतो, आर्सेनिक सापडतं, हे खरं आहे. विषप्रयोगाच्या तपासात केस तपासतात ते त्यासाठीच. पण ही द्रव्यं केस वाढत असताना, मुळाशी रक्त पोचत असताना त्यात उतरतात. आणि इथेच लेखकमहाशयांचा सगळा डोलारा कोसळतो. वजन उतरताना जो केस गळतो, त्याची वाढ गळण्याच्या दोन-तीन महिने आधीच थांबलेली असते. ज्या केसाचा रक्ताशी संबंध तुटून इतका काळ लोटला, तो या महिन्यात वितळलेल्या चरबीतलं विष बाहेर कसं नेणार?

या दोन-तीन महिन्यांबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण केसांबद्दलचे जवळजवळ सगळे गैरसमज या कालावधीच्या अज्ञानातून जन्मतात. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले 85 ते 90 टक्के कोणत्याही दिवशी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था काही वर्षं चालते. मग दोन-तीन आठवड्यांचा संधिकाल येतो आणि केस विश्रांतीत जातो. तिथे तो सुमारे तीन महिने नुसता अडकून राहतो. खालून नवा केस वर येऊ लागला की जुना सुटतो. प्रत्येक केसाचं घड्याळ वेगळं असल्यामुळे एरवी रोज पन्नास-शंभर केस गळतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

शरीराला मोठा धक्का बसला की ही घड्याळं एकत्र येतात. जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, अचानक तोडलेलं अन्न, यांपैकी काहीही झालं की वाढीतले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात. याला त्वचाविज्ञानात टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात आणि हे नाव 1961 पासून वापरात आहे. धक्का बसतो त्या आठवड्यात डोक्यावर काहीच दिसत नाही. गळती सुरू होते दोन-तीन महिन्यांनी. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ दिसते आणि बाई घाबरते, मूळच उपटून आलं म्हणून. ती गाठ विश्रांतीतल्या केसाची ओळख आहे. मूळ जागेवरच असतं.

आता या अंतराने काय अनर्थ होतो ते पाहा. एखादी बाई जानेवारीत संकल्प करून जेवण निम्म्यावर आणते. फेब्रुवारीत वजन भराभर उतरतं, सगळे कौतुक करतात. मार्चअखेर न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता साठू लागतो. ती कारण शोधते मार्चमध्ये. बोअरिंगचं पाणी, नवा शाम्पू, ऑफिसातला ताण, उन्हाळा. जानेवारीतली उपासमार तिला आठवतही नाही, कारण तिच्या मते ती तर यशाची गोष्ट होती. मग एप्रिलमध्ये ती तेल बदलते, मे महिन्यात कांद्याचा रस लावते, जूनमध्ये गोळ्या घेते. दरम्यान वजन एका जागी थांबलेलं असतं, खाणं बऱ्यापैकी पूर्ववत झालेलं असतं, आणि बहुतेकींच्या बाबतीत ही गळती सहा महिन्यांत आपोआप ओसरते. जुलैमध्ये भांगाशी बारीक नवे केस दिसू लागतात आणि श्रेय मिळतं ते जूनमधल्या गोळीला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि कावळ्याचा सत्कार झाला. केसतेलांच्या जाहिरातींत शपथेवर सांगणाऱ्या बायका खोटं बोलतात असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांचे केस खरोखरच परत आलेले असतात. ते तेलाशिवायही आले असते, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

लेखकमहाशयांची शुद्धी नेमकी याच अंतरावर जगते. शुद्धी सुरू असताना केस गळतात, शुद्धी पूर्ण झाली की थांबतात, असं म्हणणाऱ्याला खोटं पाडणं अशक्य, कारण गळती थांबणारच असते. फरक एवढाच, की त्यांचं ऐकून जी बाई जेवण आणखी कमी करते तिला दुसरा धक्का बसतो, आणि तिची गळती सहाव्या महिन्यात थांबत नाही. तेव्हा तिला सांगतात, तुझ्यात घाणच फार होती.

विषाचा सिद्धांत खोटा ठरवायला आणखी एक जुना दाखला आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 36 तरुण पुरुषांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग झाला. ते स्वखुशीने आले होते, निरोगी होते, सडसडीत होते. त्यांना सहा महिने रोज साधारण 1600 कॅलरींचं जेवण मिळे आणि बरंच चालावं लागे. वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं आणि केस विरळ झाले. वर्षानुवर्षांची विषं साठवायला या मुलांच्या अंगावर चरबी होतीच कुठे? त्यांना अन्न कमी पडत होतं, बाकी काही नाही.

अशा वादात नेहमी निघणारा एक विषय इथेही निघेल, म्हणून तोही उरकते. 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केस गळून हैराण झाली. काही दिवसांत माणसांना टक्कल पडत होतं. आधी पाण्यावर संशय घेतला गेला, मग बुरशीवर, आणि पुढे रक्तात वाढलेल्या सेलेनियमकडे आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हा शुद्धीवाल्यांनी ‘बघा, विषाने केस जातात’ असा जयघोष केला होता. जातात, कोण नाही म्हणतं? पण ते काही दिवसांत जातात, तीन महिन्यांनी नाही. शिवाय विष शरीरात येताना केस गळतात, जाताना नव्हे. त्या घटनेतून एक धडा मात्र घेण्यासारखा होता आणि तो कुणी घेतला नाही. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत सेलेनियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व असतं. दोन्ही प्रमाणाबाहेर गेली की केस गळतात. दोन-तीन ब्रँडच्या गोळ्या एकदम घेणाऱ्या बाईला हे कोण सांगणार?

बायोटिनबद्दल एवढंच, की चारीठाव जेवणाऱ्या माणसात त्याची कमतरता दुर्मिळ असते आणि कमतरता नसताना ते घेऊन केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. अपाय मात्र होऊ शकतो. मोठ्या मात्रेत घेतलेलं बायोटिन रक्ततपासण्यांत गोंधळ घालतं. थायरॉइडचे आकडे चुकतात, हृदयविकाराचा झटका ओळखण्याची ट्रोपोनिनची तपासणी चुकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2017 सालीच तसा इशारा दिला. म्हणजे केस थायरॉइडमुळे गळत असतील, तर लेखकमहाशयांच्या गोळीने ते निदानही हुकू शकतं.

तेलाबद्दल एक वाक्य पुरे. त्याने केस मऊ राहतो, कमी तुटतो, पण पोटात न गेलेलं अन्न टाळूतून आत जात नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांवरही लेखात एक शेरा आहे, ती केसांचं मूळ जाळतात असा. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 3 टक्के लोकांनी केस गळल्याची तक्रार केली आणि नुसतं नावापुरतं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी 1 टक्क्याने. टिर्झेपाटाइड या दुसऱ्या इंजेक्शनाच्या माहितीपत्रकात तर केस गळण्याचा संबंध वजन घटण्याशी आहे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. भूकच मरते, माणूस दोन घासांत उठतो, त्या दोन घासांत प्रथिनं नसतात. वजन घटवण्यासाठी केलेल्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर होतं तेच.

आता आज्यांकडे वळू. हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला उत्तर देताना आवाज चढतो. आज्या एकादशी करत आणि द्वादशीला पारणं करत. सोमवारचा उपवास संध्याकाळी पानावर बसून सुटे. उपवासाला दाण्याचं कूट, दूध, राजगिरा चाले. सलग तीन महिने 900 कॅलरींवर राहणं याला त्यांनी व्रत म्हटलं नसतं, दुष्काळ म्हटलं असतं. राहिल्या गुडघ्यापर्यंतच्या वेण्या. काहींच्या होत्या. पण घरोघरी फडताळात गंगावन का असे, हेही लेखकमहाशयांनी एखाद्या आजीला विचारावं. अंबाडा भरीव दिसावा म्हणून उसने केस बांधणाऱ्या पिढीला केस विरळ होण्याचं दुःख माहीत होतं. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देणाऱ्याही त्याच बायका होत्या, आणि केस गळताना खाणं कमी कर असं त्यांतली एकही म्हणाली नसती.

शेवटचा मुद्दा आरशाचा. याच महाराष्ट्रात विधवेला समाजातून पुसून टाकायचं तर तिचे केस काढत. 1890 च्या सुमारास मुंबईतल्या नाभिकांनी या कामाला नकार देऊन संप केला, हा आपल्या सुधारणेच्या इतिहासातला अभिमानाचा प्रसंग आहे. बाईच्या केसांचं मोल ज्या समाजाने इतक्या क्रूरपणे ओळखलं होतं, त्यात राहून कुणी बाईला ‘केसांची चिंता म्हणजे उथळपणा’ असं ऐकवावं हे मला सहन होत नाही. केस गळताना बाई रडते तेव्हा ती आजारी असू शकते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. या बायका वजन उतरवायला बसतात तेव्हा अनेकींचा लोहाचा साठा आधीच रिकामा असतो. त्यांना आरशाच्या नावाने हिणवून घरी पाठवणं हा निष्काळजीपणा आहे.

मग करायचं काय? सांगण्यासारखं फार नाही आणि त्यात नवं काही नाही. वजन आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो उतरावं; त्याहून वेगाने उतरत असेल तर खाणं वाढवावं. प्रौढ भारतीयाला रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरवताना ती एक ग्रॅमच्या वर न्यावीत, मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून. पासष्ट किलोच्या बाईला म्हणजे 65 ग्रॅम तरी हवीत. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-गाजराची कोशिंबीर नि ताक, चार वाजता सफरचंद, रात्री भाज्यांचं सूप, हा जो ‘हलका’ आहार घरोघरी भिंतीवर चिकटवलेला दिसतो, त्यात 15 ग्रॅमही भरत नाहीत. भात-पोळी कमी करा हवं तर, पण घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलं, दही, अंडी, पनीर, बांगडा यांना हात लावू नका. उसळीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन 30 च्या खाली असू शकतं. थायरॉइड आणि बी12 ही पाहा, बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगून ते काही दिवस बंद ठेवून. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय घेऊ नका. गळती सहा महिन्यांपुढे गेली, भांग रुंदावत गेला, चाईसारखे गोल चट्टे पडले किंवा टाळू दुखू लागली, तर त्वचाविकारतज्ज्ञांकडे जा; वजन उतरताना कधीकधी आनुवंशिक विरळपणा उघडा पडतो, त्याला मिनॉक्सिडिलसारखे वेगळे उपचार आहेत. आणि खाणं सुधारल्यावरही गळती दोन-अडीच महिने चालू राहील हे धरून चाला, कारण ते केस आधीच विश्रांतीत गेलेले आहेत. नवा केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो.

लेखकमहाशयांकडे माझी मागणी एकच आहे. विषद्रव्यांवरचा त्यांचा विश्वास त्यांनी खुशाल ठेवावा. ‘या काळात आहार वाढवू नये’ हे वाक्य मात्र जिथे छापलं तिथेच, तेवढ्याच ठळक अक्षरांत मागे घ्यावं.