अंतर आणि अगत्य

दूर राहून एकत्र काम करणे ही २०२० नंतर आपल्यावर येऊन पडलेली नवी गोष्ट आहे, असे गृहीत धरून महाविद्यालयांतून चर्चा चालते. संशोधक विद्यार्थी आपल्या गावी, मार्गदर्शक शहरात, आणि दोघांच्या मधे संगणकाचा पडदा. तंत्राची प्रशिक्षणे पुष्कळ झाली. अशा कामात माणसांचा परस्परांवर विश्वास कसा बसतो, हा प्रश्न मात्र आपण व्यवस्थापनशास्त्रावर सोपवून मोकळे झालो. त्या शास्त्राकडून ‘हितसंबंधी’ हा शब्द घेतला आणि आपल्याकडचा ‘अगत्य’ हा शब्द विसरलो. वास्तविक मराठी वाङ्मयव्यवहाराला हा प्रश्न जुनाच आहे.

जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण घ्यावे. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारा, सभासंमेलने आणि भेटीगाठी कटाक्षाने टाळणारा हा लेखक. त्यांच्या कथा छापणारे ‘सत्यकथा’ मासिक मुंबईत. तरीही मराठी साहित्यविश्वाशी त्यांचे नाते किती जिव्हाळ्याचे होते, याची साक्ष त्यांच्या निवडक पत्रांचे खंड आणि सुनीताबाई देशपांडे यांचे ‘प्रिय जी. ए.’ देतात. समोरच्याने आपले लिहिणे मनापासून वाचले आहे, ही खात्री पटली की भेटीची उणीव फारशी जाणवत नाही.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाचे मर्मही येथेच आहे. दूरच्या गावातून आलेली कथा वाचून लेखकाला पत्राने सूचना कळवणे, प्रसंगी पुनर्लेखन करवून घेणे, ही त्यांची रीत सर्वज्ञात आहे. असे पत्र तीन गोष्टी साधते. कोणत्या पानावर, कोणत्या वाक्यापाशी वाचक अडला, हे लेखकाला कळते. स्वीकार की नकार, याविषयी तो ताटकळत राहत नाही. आणि लिहिणे शेवटी त्याचेच आहे, हा मानही राखला जातो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, या व्यवहाराचे एक वर्तुळ झाले होते. हा आक्षेप खोटा नाही. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तिच्यामागे आपल्या जगण्याला आणि भाषेला या अभिरुचीत जागा नाही, ही भावना होती. ज्याची भाषा आपल्या कानाला परकी वाटते, त्यालाही सविस्तर उत्तर मिळाले पाहिजे. अगत्य केवळ आपल्यासारख्यांपुरते उरले, तर त्याला गोतावळा म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप वेळेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी एका वेळी प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. तासिका, परीक्षा, अहवाल हा भार खराच. पण चार किंवा आठ जणांच्या प्रकरणांवर पानभर लिहिणे अशक्य आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? प्रत्यक्षात घडते ते असे: तालुक्याच्या गावातून विद्यार्थिनी साठ पानांचे प्रकरण पाठवते, आणि तीन आठवड्यांनी तिच्या भ्रमणध्वनीवर अंगठ्याचे चिन्ह उमटते. ते प्रकरण वाचले गेले की नुसते उघडले गेले, हे तिला कधीच कळत नाही. पुढचे प्रकरण ती मग कोणासाठी जीव ओतून लिहील? संशोधनाच्या दर्जाविषयी आपण जे उसासे टाकतो, त्यांचे एक कारण या चिन्हात आहे.

म्हणून सूचना साधी आहे. आरंभी एकदा तरी प्रत्यक्ष भेटावे. एकमेकांचा आवाज आणि स्वभाव ठाऊक असला की पुढचे लेखी शब्द टोचत नाहीत. प्रत्येक प्रकरणावर ठरल्या तारखेपर्यंत किमान एक पान लेखी अभिप्राय द्यावा. तारीख पाळता येत नसेल, तर तसे आधी कळवावे. विद्यार्थ्यानेही मतभेद असेल तर लेखीच मांडावा, आणि मार्गदर्शकाने तो जपून ठेवावा. धारवाड आणि मुंबई यांच्यामध्ये पोस्टाला काही दिवस लागत. आज संदेश क्षणात पोहोचतो. वाचायला मात्र पूर्वी लागे तेवढाच वेळ आजही लागतो, आणि तो आपल्यालाच काढावा लागेल.